आधी गोळी कुणी झाडली? ‘स्टार वॉर्स’मधल्या जुन्या-नव्याच्या वादाची पार्श्वभूमी

‘स्टार वॉर्स’चे जुने चित्रपट चांगले की नवे, हा वाद निघाला की आधी विचारावं लागतं, नवे म्हणजे कुठले? १९९९पासून नवे म्हणून ज्यांना शिव्या बसल्या, तेच चित्रपट आज जुन्यांत मोजले जातात. आणि ज्या १९७७च्या चित्रपटाला सगळे ‘मूळ’ म्हणतात, तो त्या मूळ रूपात कित्येक वर्षं नीट मिळतच नव्हता. माझ्या मते वादाची खरी गाठ इथेच बसली आहे.

२५ मे १९७७ रोजी अमेरिकेतल्या अवघ्या ३२ चित्रपटगृहांत तो लागला तेव्हा त्याच्या सुरुवातीला भाग क्रमांकही नव्हता. ‘चौथा भाग’ ही ओळ १९८१च्या पुनर्प्रदर्शनात आली; आधीची कथा सांगणारे पहिले तीन भाग पुढे १९९९पासून निघाले. १९८०चा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ आज बहुतेकांच्या यादीत पहिला असतो, पण तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाला तो अजिबात भावला नव्हता. नायक ल्यूकचा हात तुटलेला, मित्र हान सोलो कार्बोनाइटच्या ठोकळ्यात गोठलेला, आणि पुढचं कळायला तीन वर्षं थांबायचं! १९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये केसाळ, अस्वलाच्या पिल्लांसारखे इवॉक साम्राज्याच्या कवायती फौजेला भारी पडले. पहिला चित्रपट दहाव्या वर्षी पाहिलेली मुलं आता सोळा वर्षांची झाली होती आणि त्यांना हा पोरखेळ वाटला. म्हणजे ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ ही तक्रार अगदी तिसऱ्या चित्रपटापासूनची. तरी तोवर ती घरातली कुरकुर होती.

भांडण पेटलं १९९७ साली, तेही पहिल्या चित्रपटातल्या एका छोट्याशा प्रसंगावरून. वाळवंटातल्या गुत्त्यात हान सोलो एका टेबलाशी बसला आहे. समोर ग्रीडो नावाचा हिरवा सुपारीबाज, त्याचं पिस्तूल हानवर रोखलेलं. बोलता बोलता हानचा एक हात भिंतीशी चाळा करतो, दुसरा टेबलाखाली जातो. एक बार, धूर, आणि ग्रीडोचं डोकं टेबलावर आपटतं. हान उठतो, गल्लेवाल्याकडे नाणं फेकतो आणि चालू पडतो. या माणसाचा स्वभाव प्रेक्षकाला तेवढ्यात कळतो. विसाव्या वर्षानिमित्त काढलेल्या ‘स्पेशल एडिशन’मध्ये ग्रीडो आधी गोळी झाडतो आणि हातभर अंतरावरून चुकतो. हान थंड डोक्याचा खुनी वाटू नये, असं या चित्रपटांचे जनक जॉर्ज लुकास यांचं म्हणणं. पण जो स्वार्थी, निर्ढावलेला तस्कर शेवटी मित्रासाठी परत येतो, त्याच्या परत येण्याचं मोलच या बदलाने कमी केलं. चाहत्यांचा हा राग मला आजही पटतो.

तो बदल अधिक बोचला याला कारण आहे. मार्च १९८८मध्ये हेच लुकास अमेरिकी संसदेच्या समितीपुढे गेले होते. जुन्या कृष्णधवल चित्रपटांवर संगणकाने रंग चढवले जात होते, आणि नफ्यासाठी किंवा सत्ता दाखवायला कलाकृती बदलणारे लोक रानटी आहेत, अशी कडक साक्ष त्यांनी दिली. पुढे २००४च्या डीव्हीडीत ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या शेवटी दिसणाऱ्या अनाकिनच्या, म्हणजे खलनायक डार्थ व्हेडरच्या मूळ रूपाच्या, जागी नव्या चित्रपटातला तरुण नट बसवला गेला. २०११मध्ये, त्याच चित्रपटात जिथे व्हेडर मुकाट्याने सम्राटाला उचलतो, तिथे त्याच्या तोंडी ‘नो’ अशी आरोळी घातली. नवे चित्रपट असे जुन्यांच्या आत शिरले. २००६मध्ये मूळ आवृत्ती जोडडिस्क म्हणून आली, पण लेझरडिस्कच्या जुन्या प्रतीवरून काढलेली, धूसर. मग चाहत्यांनी जुनी ३५ मिलिमीटरची रिळं मिळवून स्वतःच स्कॅन करायला घेतली.

१९९९चा ‘द फँटम मेनेस’ १९९७च्या या तापलेल्या तव्यावर पडला. सोळा वर्षांची प्रतीक्षा, नुसता ट्रेलर पाहायला दुसऱ्याच चित्रपटाची तिकिटं काढलेली, आणि पडद्यावर व्यापारकराचा तंटा. १९७७मध्ये म्हातारा जेडाय योद्धा ओबी-वान विश्व व्यापणाऱ्या ‘फोर्स’ या शक्तीबद्दल बोलतो ते एखाद्या साधूसारखं. १९९९मध्ये लहानग्या अनाकिनच्या दंडावरच्या जखमेतून रक्ताचा थेंब घेतात, तपासतात आणि त्यातले मिडिक्लोरियन नावाचे सूक्ष्म जीव वीस हजारांवर निघाले म्हणून त्याला थोर ठरवतात. श्रद्धेच्या जागी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, हे दुःख खरं होतं.

पण ते दुःख ज्यांच्यावर काढलं गेलं, त्यांचा त्यात काय दोष? ‘द फँटम मेनेस’मधला विनोदी जार जार बिंक्स साकारणाऱ्या अहमद बेस्टने २०१८मध्ये सांगितलं की, त्या टीकेने तो जीव देण्याच्या विचारापर्यंत गेला होता. त्याच वर्षी, ‘द लास्ट जेडाय’मधल्या केली मरी ट्रानने वंशद्वेषी शेरेबाजीनंतर इन्स्टाग्रामवरचं सगळं काढून टाकलं. पुढच्या चित्रपटात तिची भूमिका जेमतेम सव्वा मिनिटाची उरली.

२०१५पासूनच्या नव्या त्रयीच्या वादाची एक तार मात्र सहसा सुटते. ३० ऑक्टोबर २०१२ रोजी डिस्नेने चार अब्जांहून अधिक डॉलरना लुकास यांची कंपनी लुकासफिल्म घेतल्याचं जाहीर झालं आणि एप्रिल २०१४मध्ये आधीच्या कादंबऱ्या-कॉमिक्सचं सगळं विश्व ‘लेजंड्स’ म्हणून अधिकृत कथेतून बाजूला काढलं गेलं. चित्रपट नसलेल्या वर्षांत याच पुस्तकांनी कथा जिवंत ठेवली होती. त्यांत ल्यूकचा संसार होता, हान आणि राजकन्या लेया यांची जुळी मुलं होती. वाचकांनी वीसेक वर्षं जपलेलं ते घर एका घोषणेत गेलं. नव्या त्रयीतल्या पहिल्या ‘द फोर्स अवेकन्स’च्या शेवटी नवी नायिका रे ल्यूकसमोर त्याचीच तलवार धरते. दोन वर्षं थांबून लोक ‘द लास्ट जेडाय’ला गेले, तर ल्यूकने ती खांद्यावरून मागे भिरकावली. मला स्वतःला तो क्षण धाडसी वाटतो. पण पुस्तकांतला ल्यूक मनात घेऊन बसलेल्यांना तो दुसरा घाव होता.

मधल्या, म्हणजे १९९९पासूनच्या त्रयीचे दिवस तोवर पालटले होते. २००८पासूनच्या ‘द क्लोन वॉर्स’ मालिकेने अनाकिनला चित्रपटांत न मिळालेला अवकाश दिला आणि १९९९ची मुलं मोठी होऊन आपल्या चित्रपटांची बाजू मांडू लागली. २०१९मध्ये शिकागोच्या मेळाव्यात अहमद बेस्टसाठी अख्खं सभागृह उभं राहिलं. २०२३मध्ये तो ‘द मँडलोरियन’ या मालिकेत जेडाय म्हणून परतला, छोट्या ग्रोगूला वाचवायला. एप्रिल २०२५मध्ये ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ विसाव्या वर्षी थिएटरांत पुन्हा लागला, तेव्हाही गर्दी झाली.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १२ जून २०२५ला, लंडनमध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्या संग्रहातली १९७७ची मूळ प्रत प्रोजेक्टरवर चढवली. टेक्निकलरच्या त्या जुन्या प्रक्रियेतले रंग सहसा विटत नाहीत. सुरुवातीच्या अक्षरांत भाग क्रमांक नव्हता. गुत्त्यातल्या टेबलाखालून एकच बार निघाला, हानचा.