पार्श्वभूमी : पांढरं जाण्याची तक्रार आणि राहून गेलेली तपासणी

अंगावरून पांढरं जातंय, हे बाई दवाखान्यात सहसा आधी सांगत नाही. आधी कंबर येते, मग पायांतले गोळे, हातापायांची आग, अशक्तपणा. गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली आणि उठायची वेळ झाली की आवाज खाली आणून ती खरं कारण बोलते. तोवर पुढची पेशंट दारात उभी असते. निदान अवघड होण्याची सुरुवात इथेच होते, हे खरं. पण सगळा दोष लाजेवर ढकलणं बरोबर नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत काही निर्णय असे झाले, की बाईने धीर करून सांगितलं तरी तिला तपासायचं राहूनच गेलं.

तक्रार जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात योनिव्यापदांचे, म्हणजे योनीच्या विकारांचे, २० प्रकार सांगितले आहेत, आणि पुष्यानुग चूर्ण मधातून, तांदळाच्या धुवणातून घ्यायचा पाठ आजही वैद्य देतात. मुंबईत १८८६ मध्ये खास बायका-मुलांसाठी रुग्णालय उघडलं, स्त्री डॉक्टर आल्या, पण हा लाभ शहरापुरता राहिला. स्वातंत्र्यानंतरची पुढची काही दशकं सरकारी दवाखान्यात बाईची दखल घेतली जायची ती बाळंतपणासाठी, तांबीसाठी आणि नसबंदीच्या शिबिरासाठी. ‘अंगावरचं’ घरातच निस्तरायचं होतं. फडकी बदलायची, पूजेला बसायचं टाळायचं, उष्णता वाढली म्हणून सब्जा-गुलकंद घ्यायचा, कोणी सांगितलं तर डेटॉलच्या पाण्याने धुवायचं. या शेवटच्या उपायाने नुकसानच होतं. योनीमार्गातले उपयोगी जंतू त्यात मरतात, तिथली आम्लता घटते आणि स्राव उलट वाढू शकतो.

या विषयाला आकडा मिळाला तो गडचिरोलीत. तिथे काम करणाऱ्या एका डॉक्टर दाम्पत्याने दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये एका नामवंत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दवाखान्यात आलेल्या रुग्ण मोजण्याऐवजी गावातल्या १३ वर्षांवरच्या मुली-बायका बोलावल्या होत्या, त्यांत अविवाहितही होत्या. स्त्री डॉक्टरने आतून तपासलं, स्रावाचे नमुने घेतले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, एकेकीला सरासरी ३.६ आजार. त्यांतले निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते. याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी होऊन उपचार मिळालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के.

९२ हा आकडा सगळीकडे गाजला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. तक्रार सांगणाऱ्या बायका ५५ टक्केच होत्या, म्हणजे ‘मला काही नाही’ म्हणणाऱ्या अनेकींनाही आजार होता. बाई काय सांगते एवढ्यावरून निदान होत नाही, पाहावंच लागतं, हा त्या कामाचा सरळ अर्थ होता. पुढच्या दशकात धोरण नेमकं उलट दिशेने गेलं.

१९९४ च्या कैरोतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेत प्रजनन आरोग्य हा शब्द जगभर मान्य झाला. भारताने १९९६ मध्ये कुटुंबनियोजनाची लक्ष्यं काढून टाकली आणि १९९७ मध्ये प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू केला. जननमार्गाचे संसर्ग पहिल्यांदा सरकारी कार्यक्रमात आले. त्याच सुमाराला एचआयव्हीची भीती पसरत होती आणि लैंगिक आजारांवर लवकर उपचार झाले तर तो फैलाव रोखता येईल, असा जोर होता. प्रयोगशाळा नाहीत, मायक्रोस्कोप नाहीत, रिपोर्टासाठी पेशंट पुन्हा येत नाही. मग आंतरराष्ट्रीय पातळीवरून उपाय सुचवला गेला तो सिंड्रोमिक पद्धतीचा. लक्षण विचारायचं, तक्त्यावरचा बाण धरून पुढे जायचं, आणि त्या लक्षणामागे असू शकणाऱ्या सगळ्या जंतूंवर एकदमच औषध द्यायचं.

पुरुषांच्या बाबतीत ही पद्धत चांगली चालली. पुरुषाच्या लघवीच्या वाटेतून पू येत असेल तर परमा (गनोरिया) किंवा क्लॅमिडिया हे लैंगिक आजार असण्याची शक्यता मोठी असते. जननेंद्रियावरच्या जखमांसाठीही तिचा उपयोग झाला. पण योनीस्रावाचं तसं नाही. थोडा स्राव प्रत्येक बाईला असतो, पाळीच्या मधल्या दिवसांत आणि गरोदरपणात तो वाढतो, आणि तो आजार नसतो. आजार असलाच तर बहुतेकदा तो बुरशीचा किंवा योनीतल्या जंतूंचा तोल बिघडल्याचा असतो, आणि या दोन्हींसाठी बाहेरून कोणाकडून काही लागण व्हावी लागत नाही. उलट परमा आणि क्लॅमिडिया गर्भाशयाच्या मुखाशी असतात आणि बऱ्याच जणींना त्यांचं काही लक्षणच जाणवत नाही. म्हणजे ज्या लक्षणावर तक्ता उभा केला, तेच लक्षण या दोन आजारांबद्दल फारसं काही सांगत नाही.

ही उणीव भरायला तक्त्यात धोक्याचे प्रश्न घातले. वय २१ पेक्षा कमी आहे का, लग्न झालेलं नाही का, एकापेक्षा जास्त जोडीदार आहेत का, गेल्या तीन महिन्यांत नवा जोडीदार आला का, जोडीदाराला त्रास आहे का. आपल्याकडच्या आरोग्य केंद्रात हे प्रश्न कसे विचारले जाणार होते, याचा विचार कोणी केला असेल असं वाटत नाही. सासू शेजारी, नर्सबाई गावातल्याच, आणि समोर विशी न गाठलेली, नुकतंच लग्न झालेली मुलगी. वयाच्या अटीने तीच धोक्यात धरली जायची. नवऱ्याचं बाहेर काही असेल तर ते तिला माहीत असेलच असं नाही, आणि माहीत असलं तरी सासूसमोर ती बोलायची नाही.

१९९९ मध्ये बांगलादेशातल्या ग्रामीण भागातून या पद्धतीचा हिशेब प्रसिद्ध झाला. स्रावाची तक्रार असलेल्या बायकांमध्ये परमा आणि क्लॅमिडियाचं प्रमाण अगदी कमी निघालं आणि तक्त्याप्रमाणे वागलं तर खर्चाचा ३६ ते ८७ टक्के वाटा गरज नसलेल्या औषधांवर गेला असता. पैशाची बाब एक झाली. दुसरी घरातली. लैंगिक आजाराचा शिक्का बसला की नवऱ्यालाही औषध द्यायचं असतं. बाई त्याची पुडी घेऊन घरी जाते आणि संशय तिच्यावरच येतो. कधी तिला आजारच नसतो.

तरीही पद्धत टिकली, कारण ती सोयीची होती. साधारण २००७ पासून सरकारी दवाखान्यांत रंगीत किट आली. स्रावासाठी हिरवं, त्यात सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम. गर्भाशयाच्या मुखाचा दाह असेल तर करडं, त्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. मार्गदर्शिकेत स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून आत पाहायचं उपकरण, घालून पाहायला सांगितलं आहे, हे नमूद केलं पाहिजे. पण त्यासाठी टेबल, पडदा, चांगला उजेड, निर्जंतुक केलेली उपकरणं आणि शक्यतो स्त्री डॉक्टर लागते. ओपीडीत गर्दी असली की यातलं काहीच जुळत नाही, आणि किट तेवढं हाताशी असतं. ज्या बाईला आधी कोणी विचारत नव्हतं तिला आता न पाहता औषध मिळू लागलं. याला सुधारणा म्हणायला माझं मन तयार होत नाही.

आतून पाहायला फार मोठी यंत्रसामग्री लागते, असंही नाही. योनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) साधारण ३.८ ते ४.५ असतो, तो कागदाच्या पट्टीवर कळतो. १९८३ पासून वापरात असलेले चार निकष आहेत : पातळ एकसारखा स्राव, सामू ४.५ च्या वर, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर येणारा माशासारखा वास, आणि मायक्रोस्कोपखाली जंतूंनी कडा झाकून टाकलेल्या पेशी. चारांपैकी तीन जुळले की जंतूंचा तोल बिघडल्याचं निदान होतं. दह्यासारखा स्राव आणि खाज असेल तर बुरशीकडे बोट जातं. काचपट्टीवर सलाइनच्या थेंबात वळवळणारे ट्रायकोमोनास हे लैंगिक संसर्गाचे जंतू ताज्या नमुन्यात लगेच दिसू शकतात.

आणि यातलं काहीच निघालं नाही तर? त्याचं उत्तर गोव्याकडून आलं. उत्तर गोव्यातल्या २,४९४ बायकांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १४.५ टक्के जणींना स्रावाची तक्रार होती. तिचा सर्वांत घट्ट संबंध निघाला तो चिंता, उदासपणा आणि अंगभर दुखण्याच्या तक्रारींशी. संसर्गांपैकी फक्त जंतूंचा तोल बिघडण्याशी तिचा संबंध दिसला. कारण विचारल्यावर बायकांनीच ताण आणि अंगातली उष्णता सांगितली, संसर्गाच्याही आधी. म्हणजे बाई खोटं बोलत नव्हती. कंबर, थकवा, झोप, घरातला जाच, जे थेट सांगता येत नव्हतं ते ती एका तक्रारीत घालून आणत होती, आणि त्यावर तिला प्रतिजैविकं मिळत होती. या निष्कर्षाचा उलटा अर्थ काढून ‘मनाचं आहे’ म्हणत बाईला घरी पाठवणारेही आहेत. आधी तपासून मग मनाकडे वळायचं, हा क्रम सोडला तर तोही अन्यायच.

गोळ्यांनी गुण येत नाही, पुन्हा किट मिळतं, पुन्हा गुण येत नाही. मग खासगी दवाखाना, सोनोग्राफी, आणि ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका.’ बीड जिल्ह्यात हे कुठवर गेलं ते २०१९ मध्ये उघड झालं. आधीच्या तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेल्याची माहिती विधिमंडळात देण्यात आली. त्यानंतरच्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. फडावर पाणी नाही, संडास नाही, पाळीत फडकं धुवायला आडोसा नाही. उचल घेतलेली, खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून, त्यामुळे एकीचं दुखणं दोघांच्या मजुरीवर येतं. अशा वेळी पिशवी काढण्याचा सल्ला सुटकेसारखा वाटतो. पण स्राव बहुतेकदा योनीमार्गातला असतो, म्हणून पिशवी गेल्यावरही धुपणी, म्हणजे पांढरं जाणं, राहू शकते. सोबत बीजकोशही काढले असतील तर तिशीतच पाळी गेल्यासारखी अवस्था येते, हाडं ठिसूळ होतात.

बीडमध्ये त्यानंतर खासगी डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या अशाच प्रकारांवर २०१३ मध्ये दाखल झालेल्या याचिकेचा निकाल एप्रिल २०२३ मध्ये लागला. सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत स्वीकारायला सांगितलं. सिंड्रोमिक पद्धतीतही बदल झाला. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने शक्य तिथे प्रयोगशाळेतल्या चाचणीवरून उपचार करण्याकडे कल दाखवला.

दरम्यान स्पेक्युलम दुसऱ्या वाटेने आरोग्य केंद्रात येतो आहे. २०१६ च्या केंद्रीय धोरणानुसार ३० ते ६५ वयाच्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दर पाच वर्षांनी तपासणी व्हायची आहे : अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावायचं आणि डोळ्यांनी पाहायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अशी तपासणी कधीतरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या बायका देशात १.९ टक्के होत्या. तेच टेबल, तोच उजेड, तोच पडदा. त्याच बैठकीत स्रावही पाहता येतो, सामूची पट्टी लावता येते, काचपट्टी करता येते. तसं करा असा एक आदेश मात्र अजून निघायचा आहे.