शहराच्या हरितगृह वायूंची नोंद: काय लागते आणि कुठे अडते

ग्लोबल कोव्हेनंट ऑफ मेयर्समध्ये (हवामान बदलावर काम करण्याचे वचन देणाऱ्या शहरांची जागतिक आघाडी) कुठलेही शहर सामील होऊ शकते, छोटी नगरपरिषदसुद्धा. महापौर किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या सहीचे वचनपत्र पाठवायचे, झाले. खरी ओढाताण पुढे आहे.

वचन दिल्यापासून 2 वर्षांत उत्सर्जनाची (शहरामुळे हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंची) नोंद आणि 3 वर्षांत कृती आराखडा द्यायचा असतो. ही मुदत सल्लागार नेमल्यापासून मोजू नका. निविदा निघून माणूस येईपर्यंत वर्ष सरते. आधी विदा (डेटा) गोळा करा, सही नंतर करा.

पालिकेच्या ठरावासोबत हद्दीचा नकाशा जोडा आणि त्यावर तारीख घाला. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली. उरुळी देवाचीचा कचरा डेपो 2017 पर्यंत हद्दीबाहेर होता, म्हणजे त्याचे उत्सर्जन स्कोप 3 मध्ये (शहरामुळे, पण हद्दीबाहेर होणारे). गाव हद्दीत आल्यावर तोच ढीग स्कोप 1 मध्ये (हद्दीच्या आत होणारे) गेला. नकाशाच नसेल तर तपासणाऱ्याला हे कळणार कसे?

सर्वाधिक त्रास विजेच्या आकड्यांचा. महावितरणचे उपविभाग पालिकेच्या हद्दीप्रमाणे आखलेले नाहीत, त्यामुळे 'शहराची वीज' असा तयार कागद कुणाकडेच नसतो. उपविभागवार आणि वर्गवार (घरगुती, वाणिज्यिक, औद्योगिक) विकलेले युनिट लेखी मागा. पुरवलेले युनिट घेतले तर गळती स्कोप 2 मध्ये (शहरात वापरलेल्या विजेचे उत्सर्जन) शिरते. तिची जागा स्कोप 3 आहे. उत्तर 'दशलक्ष युनिट'मध्ये आले असेल तर शून्ये दोनदा मोजा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा 2022-23 चा गुणांक (वीज बनवताना निघणारा कार्बन डायऑक्साइड) युनिटला 0.716 किलो आहे, म्हणजे 1 कोटी युनिटला 7,160 टन. गुणांक आणि वीज एकाच वर्षाची हवी.

वर्ष सलग 12 महिन्यांचे घ्या. वीज एप्रिल ते मार्च आणि कचरा जानेवारी ते डिसेंबर, अशी खिचडी चालत नाही. पेट्रोल-डिझेलची विक्री तेल कंपन्या बहुधा जिल्हावार देतात; शहराचा वाटा कसा काढला ते लिहून ठेवा.

कचऱ्याला वजनकाट्याची नोंदवही लागते, आणि तीच सापडत नाही. जुना कचरा वर्षानुवर्षे मिथेन सोडतो, म्हणून क्षय पद्धतीला (कचरा हळूहळू कुजतो हे धरून मिथेन मोजण्याची रीत) मागच्या वर्षांचे आकडे हवेत. ते नसतील तर लोकसंख्येवरून अंदाज करा आणि तसे स्पष्ट सांगा. अंदाज चालतो, लपवाछपवी चालत नाही.

शेवटी, रिकाम्या रकान्यात 0 भरू नका. उत्सर्जनाचा तो स्रोत शहरात नसेलच तर 'एनओ' (नॉट ऑकरिंग), दुसऱ्या रकान्यात धरला असेल तर 'आयई' (इन्क्लुडेड एल्सव्हेअर), मोजलाच नसेल तर 'एनई' (नॉट एस्टिमेटेड) लिहा आणि पुढे कारण.