स्पॅममुळे नेट थांबवलंय? चालू करा म्हणण्याआधी हे वाचा

बिल भरलेलं आहे, ओएनयूवर (फायबरची वायर लागते त्या डब्यावर) लाल दिवा नाही, तरी ब्राउझर उघडला की आमचंच, म्हणजे तुमच्या नेट कंपनीचं, सूचनेचं पान येतं. म्हणजे तुमच्या कनेक्शनवरून स्पॅम (न मागितलेले जाहिरातीचे किंवा फसवे मेल) गेल्याची तक्रार आली आहे. “आम्ही असा मेल पाठवलाच नाही,” असं जवळपास प्रत्येक ग्राहक सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. पाठवणारं असतं तुमच्या राउटरला जोडलेलं एखादं उपकरण.

“त्या वेळी दुकान बंद होतं,” हेही नेहमीचं. दुकान बंद असलं तरी डीव्हीआर (सीसीटीव्हीचा रेकॉर्डर), बिलिंगचा कॉम्प्युटर आणि वायफाय चालूच असतात. शिवाय तक्रारीतली वेळ बहुधा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते; त्यात साडेपाच तास मिळवूनच आम्ही नोंद शोधतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो एका चुकीने. ज्या कॉम्प्युटरवर मेल बघता तेवढाच फॉरमॅट करून “आता चालू करा” असा फोन येतो. आम्ही चालू करतो, रात्री पुन्हा तेच सुरू, आणि दुसरी तक्रार तुमच्या नावावर चढते. दोषी निघतो कोपऱ्यातला जुना विंडोज 7, स्वस्तातला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स, किंवा कोणाच्या तरी मोबाइलमधलं फुकट व्हीपीएन अ‍ॅप. अशी काही अ‍ॅप्स तुमचं कनेक्शन परस्पर दुसऱ्यांना वापरायला देतात.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा आणि एकेक ओळखा. ओळख पटत नाही ते बंद करा, वायफायचा पासवर्ड बदला. प्रत्येक विंडोज कॉम्प्युटरवर त्यातच असलेल्या डिफेंडर अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन चालवा. साधारण पंधरा मिनिटं लागतात, मशीन रिस्टार्ट होतं, त्यामुळे टॅली आधी बंद करा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर बॉट (मालकाच्या नकळत मशीन वापरणारा व्हायरस) काढण्याची साधनं मोफत मिळतात. मग विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये नेटवर्कखाली टीसीपी कनेक्शन्स बघा: रिमोट पोर्टच्या (पोर्ट म्हणजे समोरच्या सर्व्हरचं क्रमांकाचं दार) रकान्यात 25, म्हणजे मेल सर्व्हरचं दार, वारंवार दिसत असेल, तर ज्या प्रोग्रॅमपुढे तो दिसतो त्याला धरा. मेलचा पासवर्ड सगळ्यात शेवटी, आणि साफ झालेल्या मशीनवरूनच बदला. व्हायरस असलेल्या मशीनवर टाकलेला नवा पासवर्डही लगेच बाहेर जातो. खात्यात अनोळखी फॉरवर्डिंग किंवा फिल्टर लावून ठेवलेला नाही ना, तेही बघा.

पोर्ट 25 घरगुती प्लॅनवर आम्ही कायम बंद ठेवतो. त्याने तुमचं काही अडत नाही. आउटलुक, टॅली किंवा डीव्हीआरमधून मेल पाठवायला पोर्ट 587 किंवा 465 वापरा. जीमेल असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून 16 अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो, नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही. 25 बंद असूनही तक्रार येते, कारण बॉट परक्या मेल सर्व्हरवर चोरलेले पासवर्ड घासून बघतो किंवा वेबसाइटच्या संपर्क-फॉर्ममध्ये जाहिराती ओततो. तिथे 25 चा संबंधच नसतो.

कारवाई अशी: पहिल्या तक्रारीला एसएमएस, फोन आणि 24 तासांची मुदत, नेट चालू राहतं. मुदतीत काही हललं नाही तर सूचनेचं पान. 30 दिवसांत दुसरी तक्रार आली तर 72 तास बंद आणि चालू करण्याचे 500 रुपये. हे दिवस प्लॅनमध्ये वाढवून मिळत नाहीत. तिसऱ्यांदा कनेक्शन काढतो. विकत घेतलेल्या ईमेल-यादीवर दिवाळी ऑफर पाठवणाऱ्यांना पहिली मुदतही नाही.

हे जाचक वाटतं, मान्य. पण घरगुती प्लॅनवर एका पब्लिक आयपीमागे (बाहेर दिसणाऱ्या इंटरनेट पत्त्यामागे) अनेक ग्राहक असतात. तो आयपी स्पॅम पाठवणाऱ्यांच्या ब्लॅकलिस्टमध्ये गेला की सुक्याबरोबर ओलंही जळतं. “कोणत्या कायद्याने?” असंही विचारलं जातं. ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) नको असलेल्या जाहिरातींबद्दलचे 2018 चे नियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत. ईमेलसाठी आम्ही तुम्ही सही केलेल्या अर्जातल्या अटी लावतो.

स्पॅमहाउसच्या (अशा ब्लॅकलिस्ट ठेवणाऱ्या संस्थेच्या) साइटवर आपला आयपी ‘पीबीएल’मध्ये दिसला म्हणून घाबरू नका. या पत्त्यावरून थेट मेल पाठवायचा नसतो, एवढाच त्याचा अर्थ. ‘एक्सबीएल’मध्ये, म्हणजे बॉट लागलेल्या पत्त्यांच्या यादीत, दिसला तर मात्र मशीन शोधा. सफाईआधी नाव काढायचा अर्ज करू नका, पुन्हा चढतं.

स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचा असेल तर बिझनेस प्लॅन घ्या: स्वतंत्र स्टॅटिक (न बदलणारा) आयपी, रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) आणि लेखी अर्जावर पोर्ट 25. ग्राहकांना रोज शेकड्यांनी मेल जात असतील, तर साध्या जीमेलच्या दिवसाला 500 च्या मर्यादेत ते बसणार नाहीत. बल्क मेलची सेवा घ्या, एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या नोंदी) आम्ही लावून देतो.

उपकरणं शोधायला आमचा माणूस 300 रुपयांत येतो, पाच उपकरणांपर्यंत. फोन करताना सूचनेच्या पानावरचा तक्रार क्रमांक सांगा आणि त्या दिवशी सगळी उपकरणं चालू ठेवा, गल्ल्याखालचा जुना कॉम्प्युटरसुद्धा.