मोतीबिंदू, दृष्टिपटल आणि स्मृतिभ्रंश: एका संबंधाचा मागोवा

खानदेशात घरातल्या वडीलधाऱ्याला दिसेनासे झाले आणि त्याच सुमारास तो नातवंडांची नावे चुकवू लागला, तर दोन्हींचे खापर वयावर फुटते. ‘डोकराले दिखस नही’ एवढ्यावर विषय मिटतो. वैद्यकानेही या दोन तक्रारी बराच काळ वेगवेगळ्या दारांशीच ठेवल्या होत्या.

खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले त्याच वर्षी, म्हणजे १९०६ मध्ये, आलोइस अल्झायमर यांनी जर्मनीत स्मृतिभ्रंश झालेल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील बदल प्रथम मांडले; हा आजार पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, १९८६ मध्ये, अशा रुग्णांच्या दृष्टिचेतेतील, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतील, तंतूही झडलेले असतात, असे अमेरिकी संशोधकांनी दाखवले. हे तंतू ज्यातून निघतात ते दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागचा प्रकाश टिपणारा पडदा, गर्भावस्थेत मेंदूतूनच घडत असल्याने हे समजण्याजोगे होते. परंतु २००३ मध्ये मेंदूत साचणारे अमायलॉइड हे प्रथिन डोळ्याच्या भिंगातही सापडले, आणि भिंग तर मेंदूचा भाग नव्हे.

येथून प्रश्नाला दोन फाटे फुटले: डोळा हा आजाराची केवळ खूण आहे, की मंद दृष्टीमुळे मेंदूचा व्यायामच कमी होतो? ब्रिटनमधील १२,३६४ प्रौढांच्या २०२१ च्या अभ्यासात मधुमेहजन्य नेत्रविकार असलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका ६१ टक्के, वार्धक्यजन्य पीतबिंदू ऱ्हासात (दृष्टिपटलाचा मधला भाग झिजण्यात) २६ टक्के, तर मोतीबिंदूत ११ टक्के अधिक आढळला. त्याच वर्षी अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या पाहणीत मोतीबिंदू काढलेल्यांमध्ये धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला, मात्र काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तसे दिसले नाही. ती शस्त्रक्रिया गेलेली नजर परत आणत नाही, हे ध्यानात घेतले तर दुसऱ्या फाट्याकडे पारडे झुकते. अर्थात शस्त्रक्रियेला जाणारे मुळातच अधिक धडधाकट असू शकतात, ही शंका उरतेच. तरीही २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने उपचार न झालेल्या दृष्टिदोषाला स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत स्थान दिले.

आपल्याकडे अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्यामुळे मोतीबिंदूचे शिबिर खेड्यापाड्यांना नवे नाही. स्मरणशक्तीच्या तपासणीचे तसे नाही, आणि तिच्यातही एक मेख आहे: १९७५ पासून रूढ असलेल्या चाचणीत वाक्य वाचायचे आणि दोन पंचकोन बघून काढायचे असतात. जामनेरच्या आजीला अक्षरओळख नसेल आणि डोळ्यांवर मोतीबिंदूही असेल, तर कमी पडलेले गुण नेमके कशाचे, हे आधी तिचे डोळे तपासल्याशिवाय ठरवता येत नाही.