लेड झेपेलिनचे पुनरागमन (लंडन, २००७)

लेड झेपेलिन या इंग्लिश हार्ड रॉक बँडने १० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओटू अरेनात केलेली मैफल. ड्रमवादक जॉन बॉनहम यांच्या मृत्यूनंतर १९८० साली बँड विसर्जित झाला होता. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी गिटारवादक जिमी पेज (वय ६३), गायक रॉबर्ट प्लांट (५९) आणि बेस व की-बोर्ड वाजवणारे जॉन पॉल जोन्स (६१) पूर्ण कार्यक्रमासाठी एकत्र आले. ड्रमवर बसले बॉनहम यांचे चिरंजीव जेसन (४१). दोन तासांहून थोडा अधिक वेळ, सोळा गाणी आणि एकच रात्र. जुने बँड परत येणे हार्ड रॉकमध्ये नित्याचे झाले आहे आणि त्यांतले बरेचसे कार्यक्रम श्रोत्यांच्या जुन्या प्रेमावर निभावून जातात. ही मैफल मात्र तालमीवर उभी राहिली. ती आजही मन लावून ऐकली जाते, ती त्यामुळेच.

लेड झेपेलिनची स्थापना १९६८ साली लंडनमध्ये झाली. विसर्जनापर्यंत त्यातला एकही माणूस बदलला नाही. हार्ड रॉकच्या जगात हे दुर्मीळ आहे. डीप पर्पलमध्ये गायक आणि गिटारवादक येत-जात राहिले, ब्लॅक सॅबथमध्येही गायक बदलत राहिले. झेपेलिनचे संगीत या चौघांच्या एकमेकांवरच्या भरवशावर चालायचे. पेज यांची गिटार ठेक्याच्या थोडी पुढे-मागे झुकायची, प्लांट ओळीच्या मध्येच दिशा बदलायचे, आणि हे सगळे सांभाळणारा पाया म्हणजे बॉनहम यांचा जड, पण चपळ ड्रम. २५ सप्टेंबर १९८० रोजी, अमेरिका दौऱ्याच्या तालमी सुरू असताना, अतिमद्यपानानंतर वयाच्या ३२ व्या वर्षी ते पेज यांच्या विंडसर येथील घरी मृत्युमुखी पडले. ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी निवेदन काढून थांबत असल्याचे कळवले. त्याच वर्षी फेब्रुवारीत एसी/डीसीचे गायक बॉन स्कॉट गेले होते. त्या बँडने काही आठवड्यांत ब्रायन जॉन्सन यांना घेतले आणि जुलैत नवा अल्बम बाजारात आणला. दोन्ही निर्णय आपापल्या जागी प्रामाणिक होते. एसी/डीसीची ठेक्याची चौकट इतकी पक्की होती की तिच्यात नवा आवाज बसला. झेपेलिनमध्ये चौकटच एका माणसाच्या हातापायांत होती.

नंतर परत येण्याचे जे प्रयत्न झाले ते फसले, आणि का फसले हे पाहिल्याशिवाय २००७ चे महत्त्व कळत नाही. १३ जुलै १९८५ रोजी फिलाडेल्फियाच्या जेएफके स्टेडियममध्ये लाइव्ह एड या मदतनिधी कार्यक्रमात तिघे पुरेशा तालमीशिवाय उभे राहिले. ड्रमवर टोनी थॉम्पसन आणि फिल कॉलिन्स असे दोघे होते. कॉलिन्स त्याच दिवशी लंडनमध्ये गाऊन काँकॉर्ड विमानाने अटलांटिक ओलांडून आले होते. प्लांट यांचा आवाज बसलेला, पेज यांची गिटार सुरात नाही, आणि दोन ड्रमवादकांचा एकमेकांशी मेळ नाही. या कार्यक्रमाची डीव्हीडी २००४ साली निघाली तेव्हा बँडने आपला भाग त्यात घेऊ दिला नाही. मे १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अटलांटिक रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीच्या चाळिसाव्या वाढदिवशी जेसन यांना सोबत घेऊन ते पुन्हा वाजले. तेव्हाही मेळ जमला नाही आणि दूरचित्रवाणीवरच्या प्रक्षेपणात जोन्स यांचा की-बोर्ड ऐकूच आला नाही. १९९४ पासून पेज आणि प्लांट यांनी जोडीने चांगले काम केले, मोरोक्कन आणि इजिप्शियन वादकांसह जुनी गाणी नव्याने बांधली. जोन्स यांना मात्र त्यात बोलावले नव्हते, आणि तो सल बरीच वर्षे राहिला.

२००७ चे निमित्त होते अहमत एर्तेगुन. इस्तंबूलमध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी १९४७ साली अटलांटिक रेकॉर्ड्स कंपनी उभारली, आणि लेड झेपेलिनला सुरुवातीपासून पाठबळ दिले ते याच कंपनीने. ऑक्टोबर २००६ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या न्यूयॉर्कमधील कार्यक्रमात ते पडले, डोक्याला मार बसला आणि डिसेंबरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाच्या शिक्षण निधीसाठी एक मैफल करायचे ठरले. आयोजक हार्वे गोल्डस्मिथ यांनी १२ सप्टेंबर २००७ रोजी घोषणा केली. तिकीट १२५ पौंड, विक्री ऑनलाइन सोडतीने, आणि काळाबाजार रोखण्यासाठी ओळखपत्र तपासूनच प्रवेश. जेमतेम अठरा हजार जागांसाठी दोन कोटी मागण्या आल्या. एका मैफलीच्या तिकिटांना आलेली सर्वाधिक मागणी म्हणून गिनेसने तिची नोंद केली. बीबीसीच्या एका धर्मादाय लिलावात दोन तिकिटांसाठी ८३,००० पौंडांची बोली लागली. मूळ तारीख २६ नोव्हेंबर होती, पण पेज यांच्या बोटाचे हाड मोडल्याने कार्यक्रम दोन आठवडे पुढे गेला.

खरे काम त्याआधीच सुरू झाले होते. एका रात्रीसाठी या मंडळींनी आठवडेच्या आठवडे तालमी केल्या. अनेक गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली उतरवली. साठीला टेकलेल्या गायकाने विशीतल्या किंचाळ्या मारण्याचा हट्ट धरला नाही, आणि गाण्यांचा त्यात फायदाच झाला: प्लांट यांचा आवाज त्या रात्री भरीव लागतो, शब्द नीट कळतात. सर्वांत अवघड जागा जेसन यांची होती. बँडवरच्या १९७६ च्या चित्रपटात वडिलांच्या शेजारी छोट्या ड्रमसेटवर बसलेला पोरगा दिसतो, तो हाच. चाहत्यांनी चोरून केलेली जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे त्यांनी इतकी घोकली होती की एखादे गाणे कोणत्या वर्षी कसे वाजवले जायचे, हे ते बाकीच्यांना सांगत. १९८८ मध्ये ते वडिलांचा मुलगा म्हणून बसले होते. २००७ मध्ये हे संगीत सर्वांत नीट जाणणारा ड्रमवादक म्हणून बसले.

मैफलीची सुरुवात पडद्यावरच्या एका जुन्या बातमीने झाली: मे १९७३ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे झेपेलिनला ५६,८०० श्रोते आले आणि बीटल्सचा विक्रम मोडला. मग अंधार, आणि ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’चे पहिले दोन ठोसे. हे त्यांच्या १९६९ मधील पहिल्या अल्बमचे पहिले गाणे. याच्या मूळ ध्वनिमुद्रणात थोरल्या बॉनहम यांनी एकाच पायाने बास ड्रमवर तिस्र अंगाचे, म्हणजे तीन-तीनच्या गटांतले, जे जलद ठोके काढले, ते ड्रम शिकणाऱ्या पोरांना आजही घाम फोडतात. मैफलीची सुरुवातच त्या गाण्याने करणे म्हणजे जेसन यांची परीक्षा पहिल्या मिनिटाला, सर्वांसमोर घेणे. ते उतरले. चौथे गाणे संपेपर्यंत चौघे रंगमंचाच्या मध्यभागी एकमेकांजवळ सरकून वाजवू लागले होते. एवढ्या मोठ्या रंगमंचावर हे उठून दिसते, आणि ध्वनिमुद्रणात ऐकूही येते, कारण कोणी लय ओढली की बाकीचे तिघे लगेच तिच्यामागे जातात. १९७६ मधील ‘फॉर युअर लाइफ’ हे गाणे तर बँडने यापूर्वी कधीच लोकांसमोर वाजवले नव्हते. स्मरणरंजनासाठी आलेल्या गर्दीपुढे असे गाणे ठेवायला धीर लागतो.

व्हायोलिनच्या कमानीने गिटार छेडण्याचा पेज यांचा जुना प्रयोग लेझर किरणांच्या पिरॅमिडमध्ये झाला. ‘स्टेअरवे टू हेवन’ त्यांनी शेवटासाठी राखून ठेवले नाही, मधेच वाजवले आणि पुढे गेले. हे योग्यच झाले. त्या गाण्याचा भार इतका वाढला आहे की ते शेवटी आले असते तर बाकीचा कार्यक्रम त्याची वाट पाहण्यात गेला असता.

मैफलीचा कळस होता ‘काश्मीर’. नाव काश्मीर असले तरी शब्द सुचले मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर. त्याची रचना भारतीय कानाला पटकन उमगते. गिटार आणि की-बोर्डची आकृती तीन-तीन मात्रांच्या गटांत फिरते, ड्रम चार-चार मात्रांत सरळ चालतो, आणि बारा मात्रांनी दोघे समेवर भेटतात. ड्रमवादकाने त्या आकृतीच्या मोहात न पडता आपले चार सोडायचे नाहीत, यातच गाण्याचा सगळा भव्यपणा आहे. जेसन यांनी ते सोडले नाहीत. जोन्स हातांनी की-बोर्ड आणि पायांनी बेसचे पेडल वाजवत होते. १९८८ मध्ये हरवलेला त्यांचा आवाज इथे सभागृहभर पसरला. त्यानंतर दोन गाणी श्रोत्यांच्या आग्रहास्तव झाली, ‘होल लॉटा लव्ह’ आणि ‘रॉक अँड रोल’, आणि मैफल संपली.

यशानंतर दौऱ्याची अपेक्षा साहजिक होती. पेज, जोन्स आणि जेसन तयार होते. प्लांट यांनी नकार दिला. अमेरिकन गायिका ॲलिसन क्रॉस यांच्यासोबतचा त्यांचा अल्बम त्याच सुमारास आला होता आणि त्यांना पुढे जायचे होते. २००८ मध्ये उरलेल्या तिघांनी एरोस्मिथ बँडचे स्टीव्हन टायलर आणि माइल्स केनेडी या गायकांसोबत वाजवून पाहिले. जानेवारी २००९ मध्ये तो बेत सोडल्याचे जाहीर झाले. चाहत्यांनी प्लांट यांना बरीच दूषणे दिली, पण वर्षभर गावोगावी तीच सोळा गाणी वाजवून या रात्रीसारखी धार राहिली असती असे मानणे कठीण आहे. मैफलीचे चित्रीकरण डिक कॅरदर्स यांनी केले होते. ते ऑक्टोबर २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि पाठोपाठ अल्बमच्या रूपात आले. २०१४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

या बँडचा मुंबईशीही एक धागा आहे. १९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. त्यांनी इथल्या वादकांना घेऊन आपल्या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले आणि कुलाब्यातल्या स्लिप डिस्क या क्लबमध्ये स्थानिक वादकांच्या साथीने ते वाजलेही. ती ध्वनिमुद्रणे चाळीसहून अधिक वर्षे अधिकृतपणे प्रसिद्ध झाली नव्हती. पेज यांनी जुने अल्बम स्वतः तपासून नव्याने काढले, तेव्हा २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत ती ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ या नावाने प्रसिद्ध झाली.