पॅरिस कॉन्झर्व्हेटरीतले ब्रासचे शिक्षक आणि त्यांची मूळ नोकरी

पॅरिस कॉन्झर्व्हेटरी ही फ्रान्समधली सरकारी संगीतशाळा, स्थापना 1795. तिथे ट्रम्पेट, कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच पण आखूड), फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन ही ब्रास, म्हणजे पितळेची फुंकवाद्यं, शिकवणारी माणसं आधी काय करायची, कुठे वाजवायची, त्याची ही नोंद. शिक्षकांची यादी कुठेही मिळेल, पण त्यांचा आधीचा धंदा बघितल्याशिवाय तिथे जे शिकवलं गेलं ते तसंच का शिकवलं गेलं हे कळत नाही, कारण ब्रासचा मास्तर म्हणजे बहुतेक वेळा दुसरीकडे पक्की नोकरी असलेला वादक.

मुळात ही शाळाच बँडमधून निघाली. फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत बर्नार सारेत नावाच्या माणसाने पॅरिसच्या नॅशनल गार्डचा बँड उभा केला, त्या बँडला वादक पुरवायला शिकवणी सुरू झाली, 1793 ला तिला सरकारी संस्थेचा दर्जा मिळाला आणि दोन वर्षांनी तिचीच कॉन्झर्व्हेटरी झाली. क्रांतीचे जलसे उघड्या मैदानात व्हायचे, तिथे व्हायोलिन कोणाला ऐकू जाणार, म्हणून फुंकून वाजवायच्या वाद्यांना मान मिळाला. त्यामुळे लष्कर हा इथल्या ब्रास शिक्षकांचा पहिला उगम. दुसरा उगम पॅरिस ऑपेराचा ऑर्केस्ट्रा. पुढची शंभरेक वर्षं ही दोन नावं पुन्हापुन्हा येत राहतात, बऱ्याचदा एकाच माणसाच्या आयुष्यात.

याचं ठळक उदाहरण फ्रांस्वा दोव्हेर्ने. पोरवयातच शाही रक्षकांच्या बँडमध्ये लागला, 1820 ला ऑपेरात गेला आणि 1851 पर्यंत तिथेच होता. 1833 ला कॉन्झर्व्हेटरीत ट्रम्पेटचा वर्ग निघाला तेव्हा पहिला प्रोफेसर हाच, आणि त्याने ऑपेरा सोडला नाही, म्हणजे तब्बल अठरा वर्षं दोन्ही चालू. तेव्हाचा ट्रम्पेट साधा होता, व्हॉल्व म्हणजे बोटांनी दाबून सूर बदलायच्या कळा नाहीत, नुसती नळी आणि ओठांची ताकद, त्यामुळे ठरावीकच सूर निघायचे. 1820 च्या दशकात स्पोंतिनी या संगीतकाराने बर्लिनहून व्हॉल्वचे ट्रम्पेट पॅरिसला पाठवले आणि त्यातला एक दोव्हेर्नेच्या हातात पडला. नवीन वाद्य ऑपेराच्या वादकाकडे आधी आलं, शाळेत नंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण तिथे बहुतेक गोष्टी अशाच आल्या, कामाच्या जागेवरून वर्गात.

पण हा क्रम मधेच अडूही शकतो हे हॉर्नच्या वर्गात दिसलं. जुन्या बिनव्हॉल्वच्या हॉर्नमध्ये वादक उजवा हात वाद्याच्या तोंडात, म्हणजे त्या पसरट घंटेत घालून सूर वरखाली करतो. हात जितका आत तितका सूर बदलतो, आणि आवाजही थोडा दबतो, म्हणजे एकाच ओळीत काही सूर मोकळे येतात आणि काही झाकलेले, आणि ही छटा कानाला गोड लागेल अशी सांभाळणं हीच सगळी कला. लुई-फ्रांस्वा दोप्रा हा या हाताच्या हॉर्नचा मोठा मास्तर, ऑपेरातलाच. त्याच्याजागी 1842 ला झाक-फ्रांस्वा गाले आला, तोही त्याच वळणाचा. मधे 1833 पासून जोसेफ मेफ्रेदचा व्हॉल्व हॉर्नचा वेगळा वर्ग होता. मेफ्रेदही ऑपेराचाच, शिवाय वाद्य बनवणाऱ्या कारागिराबरोबर बसून व्हॉल्व सुधारण्यात त्याने स्वतः हात घातलेला. 1864 ला मेफ्रेद निवृत्त झाला आणि त्याचा वर्ग बंदच केला! जगभरात व्हॉल्व हॉर्न चालू झालेला आणि पॅरिसची सर्वात मोठी शाळा मात्र हाताचाच हॉर्न शिकवत बसली, ते थेट 1903 पर्यंत, जेव्हा फ्रांस्वा ब्रेमोंच्या वर्गात व्हॉल्व अधिकृतपणे परत आला. मला हा त्या शाळेच्या इतिहासातला सगळ्यात वाईट निर्णय वाटतो, पण त्या लोकांना आवाजाची ती छटा जीव की प्राण होती हेही तितकंच खरं.

ट्रॉम्बोनचं थोडक्यात. वर्ग 1836 ला सुरू झाला आणि अंतवान द्येपो याने तो 1871 पर्यंत चालवला. संगीतकार बेर्लिओझने 1840 मध्ये मोठ्या लष्करी बँडसाठी जी सिंफनी लिहिली तिच्यातला ट्रॉम्बोनचा सोलो याच द्येपोने वाजवला.

आता झाँ-बातिस्त आर्बां, ज्याचं नाव आजही जगात कुठेही कॉर्नेट किंवा ट्रम्पेट शिकणाऱ्या पोराला पहिल्या वर्षीच ऐकायला मिळतं. जन्म लिओंचा, 1825. दोव्हेर्नेचा शिष्य. पण त्याची कमाई आणि कीर्ती आली ती नाचाच्या हॉलमधून आणि बॉलच्या ऑर्केस्ट्रातून, तिथे तो वाजवायचा आणि ऑर्केस्ट्रा चालवायचाही. कॉर्नेट त्या काळी हलकं वाद्य मानलं जायचं, पोल्का आणि क्वाड्रिलचं. 1857 ला कॉन्झर्व्हेटरीत फौजेतल्या विद्यार्थ्यांसाठी खास वर्ग निघाले, तिथे आर्बां सॅक्सहॉर्न म्हणजे बँडमधली व्हॉल्वची पितळी वाद्यं शिकवायला लागला, आणि सॅक्सोफोन शिकवायला ही दोन्ही वाद्यं घडवणारा अदोल्फ साक्स स्वतः. फौजी पोरं, ठरावीक मुदत, मग परत रेजिमेंटला जायचं, अशा मुलांना शिकवायचं तर सगळं पायरीपायरीने आणि झटपट बसवावं लागतं. 1864 ला त्याने जी जाडजूड मेथड, म्हणजे वादन शिकायचं पुस्तक, छापली तिच्यात हे स्पष्ट दिसतं: आधी सूर धरणं, मग जिभेचे ठोके, स्लर म्हणजे सूर जोडून घेणं, स्केल, दुहेरी-तिहेरी जीभ म्हणजे जिभेचे जलद ठोके, आणि शेवटी मैफलीत वाजवायच्या बारा फँटसी, ज्या सरळसरळ हॉलमधल्या टाळ्यांसाठी आहेत. त्या पुस्तकात बराकही आहे आणि नाचघरही. कॉर्नेटचा रीतसर वर्ग त्याला 1869 ला मिळाला. 1870 च्या युद्धाबरोबर फौजी वर्ग संपले.

त्यानंतरचा मोठा माणूस मेरी फ्रांकँ, 1894 पासून 1925 पर्यंत ट्रम्पेटचा प्रोफेसर, हाही ऑपेराचा. कॉर्नेटच्या लोकप्रियतेपुढे ट्रम्पेट मागे पडला होता, त्याला परत उभं करण्यासाठी हा माणूस झटला, आणि सी ट्रम्पेटचा, म्हणजे सी सुरात जुळवलेल्या ट्रम्पेटचा, आग्रह धरला. त्याचा शिष्य झॉर्झ माझेर बॉस्टन सिंफनीत 1920 ते 1950 पहिला ट्रम्पेट होता, त्याने तीच सवय अमेरिकेत नेली, आणि अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांमध्ये आज जो सी ट्रम्पेट सर्रास दिसतो त्याचं श्रेय बरंचसं त्यालाच देतात. बॉस्टनला माझेरकडे शिकलेला अडॉल्फ हर्सेथ, जो दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाच्या बँडमध्ये होता, 1948 ला शिकागो सिंफनीत लागला आणि 2001 पर्यंत पहिल्या खुर्चीवर बसला. पॅरिसच्या एका वर्गातली गोष्ट समुद्र ओलांडून अशी पिढ्यानपिढ्या गेली, आणि प्रत्येक टप्प्यावर शिकवणारा माणूस कुठल्यातरी ऑर्केस्ट्रात रोज संध्याकाळी वाजवत होता.

मॉरिस आंद्रेची पार्श्वभूमी सगळ्यांत वेगळी. 1933 ला दक्षिण फ्रान्समधल्या आलेस गावी जन्म, बाप कोळशाच्या खाणीत, आणि पोरगंही चौदाव्या वर्षापासून खाणीत. पॅरिसच्या शिक्षणाचा खर्च झेपणारा नव्हता, तेव्हा वाट एकच, लष्करी बँडमध्ये भरती व्हायचं म्हणजे कॉन्झर्व्हेटरीत फुकट शिकता येतं. म्हणजे दीडशे वर्षांनंतरही लष्कराचा दरवाजा उघडाच होता, आणि गरिबाच्या पोरासाठी तोच खरा दरवाजा होता. त्याचा गुरू रेमों साबारिक. गोष्ट अशी सांगतात की साबारिकने त्याला एकदा वर्गातून झापून घालवलं, चांगलं वाजवता यायला लागलं की ये म्हणून, आणि काही आठवड्यांनी आंद्रे परत आला तो आर्बांच्या मेथडच्या शेवटच्या भागातले चौदाच्या चौदा एट्यूड, म्हणजे सरावाचे तुकडे, एकही सूर न चुकवता वाजवून गेला. ते एट्यूड कोणी वाजवून बघावेत, एक नीट बसवायला महिने जातात. पुढे लामुरो ऑर्केस्ट्रा, रेडिओ, ऑपेरा-कोमिक अशा नोकऱ्या झाल्या, 1955 ला जिनिव्हाची आणि 1963 ला म्युनिकची स्पर्धा जिंकली, आणि 1967 ते 1978 तो स्वतः प्रोफेसर होता. त्याच्यापासून एक नवीन प्रकार सुरू झाला, ऑर्केस्ट्राच्या खुर्चीपेक्षा सोलो वादनासाठी आणि रेकॉर्डसाठी ओळखला जाणारा ट्रम्पेटचा मास्तर. त्याच्याकडे पिकोलो म्हणजे छोट्या, उंच सुराच्या ट्रम्पेटवर बरोक म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं संगीत वाजवायला शिकायला परदेशातून पोरं यायची.

हॉर्नच्या बाजूला मात्र ऑर्केस्ट्राची खुर्चीच कायम राहिली. अल्जीरियात जन्मलेला झॉर्झ बार्बोतू आणि त्याच्यानंतरचा आंद्रे काझाले, दोघेही ओर्केस्त्र द पारी या पॅरिसच्या ऑर्केस्ट्राचे सोलो हॉर्न आणि दोघेही इथले प्रोफेसर.

या सगळ्या यादीत बायका नाहीत, आणि त्याचं कारणही याच पार्श्वभूमीत आहे. भरती जर बराकीतून आणि ऑपेराच्या पिटातून, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खळग्यातून, व्हायची, आणि त्या दोन्ही ठिकाणी ब्रास वाजवायला बायकांना जागाच नव्हती, तर वर्गात शिकवायला त्या येणार कुठून.

शिक्षकाची परीक्षाही जाहीर व्हायची. दरवर्षी ज्यूरीपुढे त्याच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा, त्यासाठी नेमून दिलेली एक रचना, पहिलं बक्षीस मिळालं की तेच डिग्रीसारखं, आणि त्यावर नोकरीची दारं उघडायची. या रचना खास त्या स्पर्धेसाठी लिहिल्या जायच्या, बऱ्याचदा प्रोफेसरच लिहायचे, म्हणून आज जगभर परीक्षांना लागणारे कितीतरी फ्रेंच तुकडे खरं तर त्या एका शाळेच्या वार्षिक स्पर्धेचे पेपर आहेत.

भारतात याच्याशी जुळणारं काही बघायचं तर दोन गोष्टी. गोव्यात चर्चच्या शाळेतला मेस्त्री पोरांना आधी सोल्फेज म्हणजे नोटेशन गाऊन वाचायला शिकवायचा, मगच वाद्य हातात, आणि तिथून निघालेले ट्रम्पेटवाले मुंबईत जॅझ बँडमध्ये आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले, अल्डोनाचा चिक चॉकलेट त्यातलाच. दुसरं म्हणजे लष्कर, ज्याची बँडवाल्यांना शिकवणारी संस्था मध्य प्रदेशात पचमढीला आहे.