आबाजींचं बोट आणि काचेखालची जाळी

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात टचस्क्रीनवालं मशीन बसलंय, जुनी पुस्तकं अन् पोथ्या स्कॅन करून आत टाकल्यात, बोटानं पानं सरकवायची. शेजारचे आबाजी मुद्दाम सकळ या सांकेतिक लिपीतली महानुभाव पोथी पाहायला गेले तर मशीन ढिम्म. "माहं बोट काहून चालत नाई बाप्पा?" मागून एकानं लगेच निदान केलं, वय झालं की अंगातली ऊर्जा कमी होते म्हणे. त्याच्या मनगटात मॅग्नेटचं कडं होतं, म्हणजे पुढं काय विकायचं होतं ते समजा.

ऊर्जा नाही अन् उष्णताही नाही. फ्रिजमधली थंडगार काकडी हातात धरून मोबाईलवर फिरवा, चालते. कोरडा लाकडी चमचा तापवून फिरवा, काहीच होत नाही. फरक विजेच्या वहनाचा आहे, काकडीत पाणी अन् क्षार असतात, आपल्या अंगातही तेच.

काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड या वीज वाहणाऱ्या पदार्थाच्या पारदर्शक पट्ट्यांची जाळी असते, काही आडव्या काही उभ्या, मधे विद्युतरोधक थर. जिथं दोन पट्ट्या एकमेकींवरून जातात तिथं एक इवलासा कपॅसिटर तयार होतो, म्हणजे शाळेतल्या त्या वीजभार साठवणाऱ्या दोन समोरासमोरच्या प्लेटा. आडव्या पट्टीला सिग्नल द्यायचा, उभ्या पट्टीत किती पोचला ते मोजायचं, असं प्रत्येक छेदाला, सेकंदात कितीतरी वेळा. बोट जवळ आलं की ते थोडं विद्युतक्षेत्र स्वतःकडे ओढतं अन् तिथला आकडा घसरतो, घसरण एका पिकोफॅरडहूनही कमी, फॅरड म्हणजे वीजभार साठवण्याची क्षमता मोजायचं एकक, आणि पिकोफॅरड म्हणजे फॅरडचा एक लाख कोटीवा भाग!

आता खरी मजा. समजा पट्ट्या दर ५ मिलिमीटरवर आहेत, अन् त्यातल्या १०, १५ अन् २० मिमीवरच्या पट्ट्यांवर घसरण आली २४, ६० अन् ३६. भारित सरासरी काढा, (२४×१० + ६०×१५ + ३६×२०) भागिले १२०, उत्तर १५.५. म्हणजे जाळी ५ मिमीची पण बोट सापडलं अर्ध्या मिमीपर्यंत! (अशा कपॅसिटरवर चालणाऱ्या, म्हणजे कपॅसिटिव्ह टचस्क्रीनची कल्पना १९६५ मध्ये इंग्लंडच्या ई. ए. जॉन्सननं मांडली, विमानांच्या वाहतूक नियंत्रणासाठी.)

आबाजींचं काय झालं मग? आयुष्यभर वखर-डवरा धरून बोटांना घट्टे पडलेले, त्यात मे महिन्याचं ऊन. घट्टा म्हणजे मेलेल्या कोरड्या कातडीचा जाड थर, त्यानं आतला ओला भाग काचेपासून लांब राहतो, अंतर वाढलं की घसरण कमी, अन् ठराविक मर्यादेखाली गेली की मशीन तिला निव्वळ गोंगाट, म्हणजे विजेतली फालतू चढउतार, समजून सोडून देतं. आमच्याकडं अर्थिंगची बोंब, वायरमनला विचारलं तर "होऊन जाईल" म्हणतो, त्यामुळं हा गोंगाट आणखी वाढू शकतो, मग कधी कधी कोणी हात न लावताही पानं पलटतात. भूतबित काही नाही त्यात.

मी आबाजींना म्हटलं, टोक नका लावू, बोटाचा मऊ भाग टेकवा अन् जरा ओला करा. त्यांनी सवयीनं बोट जिभेला लावलं, ग्रंथपाल बाई "अहो आबाजी!" म्हणून ओरडल्या, तेवढ्यात पान सरकलं.